नकाशातल्या रेघेपासून डांबरापर्यंत: नगरपरिषदेत झोन, ले-आउट आणि रस्त्याचा खर्च कसा ठरतो

तालुक्याच्या गावी नव्या वसाहतीतले रहिवासी 'आमच्याकडे रस्ता का होत नाही' असे विचारायला नगरपरिषदेत गेले, की बांधकाम विभाग त्यांना नगररचना विभागाकडे पाठवतो, नगररचना विभाग भूमी अभिलेख कार्यालयाकडे बोट दाखवतो आणि तिथला कर्मचारी 'नगरपरिषदेनेच मोजणीची फी भरलेली नाही' असे सांगतो. यात टोलवाटोलवी असतेच. परंतु तिच्या मुळाशी एक खरी गोष्टही आहे. रस्ता हा एक निर्णय नसून वेगवेगळ्या कायद्यांखाली, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले तीन निर्णय असतात. आधी विकास योजनेच्या नकाशावर एक रेघ उमटते, मग रेखांकनात म्हणजेच ले-आउटमध्ये त्या रेघेखालची जमीन मोकळी होते आणि शेवटी अर्थसंकल्पात तिच्यापुढे रक्कम पडते. यांपैकी नेमका कोणता निर्णय अडला आहे हे कळल्याशिवाय केलेला अर्ज फायलीला लागतो आणि तिथेच राहतो.

या लेखात बारा मीटर रुंदीचा एक डीपी रस्ता, म्हणजे विकास योजनेत (डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये) दाखवलेला रस्ता, धरून तिन्ही टप्पे पाहू. विवेचन महाराष्ट्रातील नगरपरिषदांपुरते आहे. त्यांचा कारभार १९६५च्या नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने चालतो, तर महानगरपालिकांचा कायदा वेगळा आहे. जमिनीच्या वापराबाबत मात्र दोघांनाही १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागू होतो. गोव्यात १९७४चा स्वतंत्र नगरनियोजन कायदा असल्याने तिथल्या वाचकांनी पुढील कलमे जशीच्या तशी वापरू नयेत.

पहिला टप्पा: जमीन कोणत्या पट्ट्यात आहे हे कागदावर पाहणे

'जमीन पिवळ्या पट्ट्यात आली' किंवा 'अजून हिरव्यातच आहे' अशी भाषा गावोगावी चालते. पिवळा म्हणजे निवासी विभाग आणि हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास विभाग, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. एजंटाच्या मोबाइलमधील नकाशाच्या फोटोवर मात्र कधीही विसंबू नये. नगरपरिषदेकडे गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक लिहून, ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशा जोडून, दोन कागद मागावेत: झोन दाखला आणि भाग नकाशा, म्हणजे विकास योजनेच्या नकाशातला आपल्या गटापुरता भाग. दाखल्यावर फक्त विभागाचे नाव असते. आपल्या गटातून रस्ता जातो का, कोपऱ्यावर बगिच्याचे आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, बसते का, हे भाग नकाशातच दिसते. म्हणून एकट्या दाखल्यावर समाधान मानू नये.

भाग नकाशा हाती आल्यावर त्याचे प्रमाण वाचावे. नकाशा १:५००० प्रमाणाचा असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. म्हणजे टोकदार पेन्सिलीची रेघसुद्धा जागेवर दोन-अडीच मीटर रुंद होते. 'रस्ता तुमच्या विहिरीच्या पलीकडून जातो' हे वाक्य अशा कागदावरून कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख आणि नगररचना विभागाने मिळून जागेवर केलेली आखणीच लागते. माझ्या पाहण्यात शेजाऱ्याशेजाऱ्यांतली निम्मी भांडणे या अडीच मीटरांवरून झालेली आहेत.

विकास योजनेत नगरपरिषदेचा अधिकार नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे पुढे समजून घ्यावे. १९६६च्या अधिनियमाच्या कलम २३ खाली नगरपरिषद विकास योजना तयार करण्याचा इरादा ठरावाने जाहीर करते. त्यानंतर विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. कलम २६ खाली प्रारूप योजना राजपत्रात व स्थानिक वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या ऐकण्यासाठी कलम २८ खाली नियोजन समिती बसते. तिच्यात नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीचा अहवाल नगरपरिषदेपुढे येतो, बदलांसह योजना शासनाला सादर होते आणि कलम ३१ खाली शासन तिला मंजुरी देते. अंतिम सही शासनाच्या पातळीवर होते, त्यामुळे 'नगराध्यक्षांनी झोन बदलून दिला' हे वाक्य काटेकोरपणे पाहता कधीच खरे नसते. नगरपरिषद प्रस्ताव पाठवू शकते, इतकेच.

नागरिकाच्या दृष्टीने या साखळीत सर्वांत मोलाची वेळ प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यानंतरची आहे. हरकतीची मुदत सूचनेतच छापलेली असते आणि ती उलटल्यावर आलेल्या अर्जाला आवक क्रमांक मिळतो, सुनावणी मिळतेच असे नाही. हरकत लिहिताना नकाशाचा पत्रक क्रमांक, आरक्षण किंवा रस्त्याचा क्रमांक, आपला गट क्रमांक, आपले म्हणणे आणि पर्याय, एवढे एका पानात मांडावे व हाताने काढलेला का होईना, पण मोजमापांसह रेखाचित्र जोडावे. लोक बहुधा उलट करतात. वीस पानांच्या निवेदनात आजोबांच्या काळापासूनचा इतिहास असतो आणि शाळेचे मैदान आपल्या जमिनीतून काढले तर ते जावे कुठे, याबद्दल चकार शब्द नसतो. समितीपुढे नुसते 'माझी जमीन वगळा' असे म्हणणारे शेकड्यांनी असतात. 'रस्ता ओढ्याकाठच्या सरकारी जमिनीतून चार मीटर सरकवला तर तीन घरे वाचतात' असे नकाशासह सांगणारा क्वचितच भेटतो आणि त्याचे म्हणणे निदान इतिवृत्तात नोंदले तरी जाते. पोच घ्यावी, सुनावणीला स्वतः जावे.

मंजूर योजनेत नंतर बदल करायचा झाल्यास कलम ३७ची किरकोळ फेरबदलाची वाट आहे. योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही अशाच बदलांसाठी ती आहे आणि तिच्यातही नगरपरिषदेचा ठराव, राजपत्रातील सूचना, एक महिन्याची हरकतीची मुदत आणि शासनाची मान्यता या पायऱ्या येतात. शेजारच्या जमिनीचा हिरवा पट्टा औद्योगिक करण्याचा प्रस्ताव याच वाटेने जातो. म्हणून नगरपरिषदेच्या सभेच्या विषयपत्रिकेत 'कलम ३७ अन्वये' हे शब्द दिसले की पुढचे अक्षर न् अक्षर वाचावे.

आरक्षणाखाली वर्षानुवर्षे अडकलेल्यांसाठी कलम १२७ आहे. अंतिम विकास योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक मालकीचे कागद जोडून नोटीस बजावू शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठीची खरी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. 'पावले' म्हणजे काय यावर पुष्कळ वाद झाले आहेत. नगरपरिषदेने नुसता ठराव करून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला म्हणजे पाऊल पडले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. आपल्या बारा मीटर रस्त्याखालच्या जमिनीलाही हे लागू होऊ शकते. वसाहतीला रस्ता हवा असतो आणि नगरपरिषद झोपलेली असते तेव्हा हे कलम मालकाच्या बाजूने आणि रहिवाशांच्या विरुद्ध काम करते. योजना कधी अंमलात आली ती तारीख म्हणूनच दोन्ही बाजूंना माहीत हवी.

दुसरा टप्पा: जमिनीचे तुकडे आणि त्यातून निघणारा रस्ता

जमीन निवासी विभागात असली तरी तिचे प्लॉट पाडून विकण्यापूर्वी रेखांकनाला मंजुरी लागते. मुंबई, डोंगरी थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा, लोणावळा आणि आणखी काही क्षेत्रे सोडल्यास राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. रस्त्यांच्या रुंदी, खुली जागा आणि चटईक्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधकाम करता येते ते) यांचे नियम तिच्यात सापडतात. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरच्या शेतजमिनीचे लहान तुकडे घेताना मात्र १९४७चा तुकडेबंदीचा कायदा आडवा येऊ शकतो.

कामाचा क्रम साधारण असा असतो. मालक परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदामार्फत प्रस्ताव दाखल करतो. छाननीत जमिनीचा झोन, डीपी रस्ते, ओढे-नाले, विजेच्या तारा आणि पोहोच रस्ता तपासला जातो व आधी तात्पुरते रेखांकन मंजूर होते. मग जागेवर खुंट्या ठोकून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतली जाते. रस्ते, गटारे, पाणी आणि विजेची कामे झाल्यावर, किंवा त्यांची हमी दिल्यावर, अंतिम रेखांकन मंजूर होते आणि त्यानंतरच प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा तयार होतो. तात्पुरत्या मंजुरीच्या कागदावर विक्री सुरू करणारे अनेक आहेत. घेणाऱ्याने मंजुरीच्या पत्रावर 'अंतिम' हा शब्द बोट ठेवून वाचावा.

एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर जमीन घेऊ. तिच्यातून आपला बारा मीटरचा डीपी रस्ता शंभर मीटर लांब जातो. बाराशे चौरस मीटर वजा झाले, उरले आठ हजार आठशे. जमीन ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी असल्याने दहा टक्के खुली जागा सोडावी लागते: ८८० चौरस मीटर. अंतर्गत रस्त्यांना समजा अठराशे चौरस मीटर लागले. शेवटी विकण्याजोगे ६,१२० चौरस मीटर उरले, म्हणजे शंभर आरमधले एकसष्ट. प्लॉटचा दर सांगताना विकणारा ही वजाबाकी करूनच दर सांगतो. 'शेतीचा भाव इतका आणि प्लॉटचा तितका कसा' याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

यातल्या तीन तुकड्यांचे भवितव्य तीन तऱ्हांचे असते. डीपी रस्त्याखालची जमीन नगरपरिषदेने घ्यायची असते आणि कलम १२६ खाली तिचा मोबदला पैशाने, वाढीव चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्काने (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काने), अथवा भूसंपादनाने देता येतो. मोठ्या शहरांत विकास हक्काला बाजार असतो. तालुक्याच्या गावी तो प्रमाणपत्राचा कागद घ्यायला गिऱ्हाईकच मिळत नाही, त्यामुळे मालक अडून बसतो आणि रस्ता दोन बाजूंनी होऊन मध्ये शंभर मीटर अडकतो. अंतर्गत रस्ते रेखांकनाच्या अटींनुसार नगरपरिषदेकडे हस्तांतरित व्हायचे असतात. खुली जागा प्लॉटधारकांच्या सामाईक उपयोगाची असते आणि ती विकता येत नाही.

पण कागदावर ही खुली जागा कोणाच्या नावाने आहे, हे कोणी पाहत नाही. मी स्वतः एका मंजूर रेखांकनात प्लॉट घेतला तेव्हा मंजुरीचे पत्र, नकाशा, खरेदीखत असे सगळे वाचले आणि खुल्या जागेचा सातबारा तेवढा काढायचा राहिला. अकरा वर्षांनी तिथे कुंपण पडले तेव्हा उतारा काढला. त्यावर मूळ मालकाचेच नाव कायम होते आणि वारसांच्या फेरफाराची नोंदही झालेली होती. मंजुरीच्या पत्रातील सातवी अट 'खुली जागा व रस्ते हस्तांतरित करून तसा फेरफार सादर करावा' अशी होती. ती अट कोणी पाळली नाही आणि कोणी विचारलीही नाही. म्हणून प्लॉट घेताना आपल्या उताऱ्याबरोबर खुल्या जागेचा आणि रस्त्यांचाही उतारा काढावा. मूळ मालकाचे नाव दिसले तर मंजुरीच्या अटीचा क्रमांक देऊन मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी. नगरपरिषदही दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत रस्त्यावर खर्च करायला कचरते आणि लेखापरीक्षणाच्या दृष्टीने तिचे कचरणे बरोबरही असते.

रेखांकनाविना पाडलेल्या गुंठेवारी वसाहतींसाठी २००१चा नियमितीकरणाचा कायदा आहे. त्याची मूळ मर्यादा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या विकासापुरती होती. २०२१च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. शुल्क भरून प्लॉट नियमित होतो, पण न सोडलेली खुली जागा आणि सहा-सात फुटांचे बोळ त्यामुळे रुंद होत नाहीत.

तिसरा टप्पा: रस्त्यापुढे रक्कम पडणे

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प मुख्याधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तयार होऊन सभेपुढे येतो. बहुतेक ठिकाणी काही वर्षे प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि थेट जनतेतून निवडलेल्या नगराध्यक्षांसह सभागृहे पुन्हा भरली. अर्थसंकल्प वाचताना एकूण आकड्याकडे पाहू नये. कोट्यवधींच्या बेरजेत शासकीय अनुदाने, वेतनाचे सहायक अनुदान आणि मागील वर्षीची शिल्लक असते. रस्त्यासाठी हलवता येईल असा पैसा थोडाच असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील निधीत दहा लाखांखालच्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेली होती, तिच्यातून डांबर टाकता येत नव्हते. नगरपरिषदेच्या स्वनिधीतून महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी पाच टक्के राखावे लागतात. रस्ते मुख्यतः नगरोत्थान आणि वैशिष्ट्यपूर्ण या राज्य शासनाच्या योजना, जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधी यांवर होतात.

एखाद्या लेखाशीर्षापुढे, म्हणजे खर्चाच्या बाबीपुढे, एक हजार रुपये लिहिलेले दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. तिला टोकन तरतूद म्हणतात. लेखाशीर्ष जिवंत ठेवायचे, पैसा आला तर खर्च करायचा. 'रस्ता बजेटमध्ये घेतला' असे नगरसेवकांनी सांगितले की 'किती रक्कम आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली' हा प्रश्न लगेच विचारावा.

तरतुदीनंतर कागद असा चालतो: अभियंता जागेची मोजमापे घेऊन शासनाच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक बनवतो, सक्षम अधिकाऱ्याची तांत्रिक मान्यता मिळते, सभेची किंवा योजनेनुसार जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता होते, ई-निविदा निघते, निविदेचा दर मंजूर होतो आणि कार्यारंभ आदेश दिला जातो. ई-निविदा सक्तीची होते ती रकमेची मर्यादा चुकवण्यासाठी एकाच रस्त्याचे 'अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत' असे तुकडे पाडण्याची युक्ती जुनी आहे. विषयपत्रिकेत लागोपाठ चार विषयांत एकाच गल्लीतील घरांची नावे पुढेमागे झालेली दिसली की काय चालले आहे ते कळते.

सभेच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. पहिली, 'ऐनवेळचे विषय'. विषयपत्रिका आधी वाटली जाते, पण तिच्यात नसलेले विषय अध्यक्षांच्या परवानगीने शेवटी येतात आणि टिपणीशिवाय, पाच मिनिटांत मंजूर होतात. दुसरी, इतिवृत्त. सभागृहात काय बोलले गेले यापेक्षा ठरावाच्या मजकुरात काय लिहिले गेले यालाच पुढे किंमत असते. म्हणून ठरावाची प्रत सूचक-अनुमोदकांच्या नावांसह मिळवावी. ठराव बेकायदेशीर वाटल्यास १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेत. तिथे अर्ज करायचा तर कार्यारंभ आदेश निघण्यापूर्वी करावा. खडी पडल्यावर केलेला अर्ज सहसा उशिराचा ठरतो.

काम सुरू झाल्यावर माहितीच्या अधिकारात तीनच कागद मागावेत: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने. 'या रस्त्याची सर्व माहिती द्या' अशा अर्जाला तीस दिवसांनी 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असे उत्तर येते. मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात ती, हा खर्चाचा कणा आहे. तिच्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिली जाते आणि त्या गुणाकारावर देयक निघते. शंभर मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा रस्ता म्हणजे नव्वद घनमीटर काँक्रीट. जागेवर जाडी बारा सेंटिमीटरच असेल तर पडले बहात्तर, म्हणजे अठरा घनमीटरचे देयक हवेत निघाले. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही: साइडपट्टी भरण्यापूर्वी रस्त्याची कड उघडी असते. दर वीस मीटरवर कडेला पट्टी उभी धरून, पट्टीवरचे आकडे दिसतील असे तारखेचे फोटो घ्यावेत. साइडपट्टीचा मुरूम पडला की ही संधी संपली, मग रस्त्याला भोक पाडून नमुना, म्हणजे कोअर, काढण्याशिवाय मार्ग उरत नाही.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराची सुरक्षा अनामत दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत नगरपरिषदेकडे असते. हा कालावधी किती, ते निविदेच्या अटींत लिहिलेले असते आणि तो काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापासून मोजला जातो. त्या काळात पडलेले खड्डे ठेकेदाराने स्वखर्चाने भरायचे असतात. तक्रार तोंडी केली तर नगरपरिषद स्वतःच्या दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून खड्डा बुजवते, म्हणजे त्याच रस्त्यावर दुसऱ्यांदा पैसे जातात. तक्रार लेखी करावी; तिच्यात कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि 'दोष दायित्व कालावधीत दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये' हे वाक्य घालावे. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्यावी आणि दुसरी लेखा विभागाला, कारण अनामतीचा धनादेश निघतो तो लेखा विभागाच्या टेबलावरून.